आंतर्द्रव्यजालिकेचा कोणता तुकडा मोडीत काढायचा, हे पेशीत ठरवते कोण?

चेंदणीकर (ठाणे)

तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) निकामी झाली की पेशी ती अख्खी वेढून लयकारिकेच्या (लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचन करणारी पिशवी) हवाली करते, हे हल्ली बऱ्याच जणांच्या वाचनात आलेले असते. आंतर्द्रव्यजालिकेच्या (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) बाबतीत तशी सोयच नाही, कारण ती सुटी वस्तू नाही. केंद्रकाच्या बाहेरच्या पटलापासून निघून पेशीच्या कडेपर्यंत पोहोचलेले, कुठे चपट्या थरांचे तर कुठे बारीक नळ्यांचे, पण आतून सलग असे ते एकच पटल आहे. यकृताच्या पेशीत जेवढे म्हणून पटल असते त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या जालिकेचे असते. पेशीबाहेर धाडायची प्रथिने तिथे घडतात, मेद तिथे तयार होतात, कॅल्शियम तिथे साठते. अशा अहोरात्र कामात असलेल्या सलग अंगकाचा एखादा भाग गरजेपेक्षा वाढला किंवा त्यात बिघडलेली प्रथिने साचली, तर नेमका तेवढाच तुकडा तोडायचा कसा आणि तो निवडायचा कोणी, हा या धाग्याचा विषय आहे.

मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. फळ्यावर जालिका काढली की विद्यार्थ्यांच्या मनात ती कायमची बांधून ठेवलेली रचना म्हणून बसते, आणि त्या समजाला काही अंशी आपली जुनी शिकवण्याची पद्धत जबाबदार आहे. लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, असे एकदा सांगून टाकले की पेशी रोज स्वतःचे थोडेथोडे पचवत असते ही गोष्ट मागेच राहते.

थोडा इतिहास सांगतो. १९४५ साली कीथ पोर्टर, अल्बर्ट क्लॉड आणि अर्नेस्ट फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अख्ख्या पेशीचे छायाचित्र मिळवले आणि त्यात हे जाळे पहिल्यांदा दिसले. दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, ख्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी लयकारिकांचे वर्णन केले, आणि पेशी आपलेच घटक त्यांत नेऊन पचवते या प्रक्रियेला १९६३ साली त्यांनीच ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. जालिकाही या वाटेने जाते याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये बोलेंडर आणि वायबेल यांच्या उंदरांवरील मोजमापांतून आला. फेनोबार्बिटल हे औषध दिल्यावर यकृतपेशींतील गुळगुळीत जालिका भरपूर वाढते, कारण ते औषध निकामी करणारी विकरे त्याच पटलात बसलेली असतात. औषध बंद केल्यावर ही वाढीव जालिका काही दिवसांतच नाहीशी झाली, आणि ती नाहीशी होत असतानाच पेशींत स्वभक्षणाच्या, म्हणजे पचवायचा भाग वेढून घेणाऱ्या, पिशव्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे जालिका आपोआप विरून गेली नव्हती, ती पचवली गेली होती.

पुढे योशिनोरी ओसुमी यांनी १९९२-९३ मध्ये यीस्टमध्ये स्वभक्षणाची जनुके शोधण्याचा मार्ग खुला केला, ज्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. २००६ साली पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की यीस्टवर प्रथिनांच्या घडणीचा ताण आणला की जालिकेचे घनफळ किमान पाचपट वाढते आणि त्याच पेशींत जालिकेचेच थर गच्च भरलेल्या पिशव्या दिसू लागतात. इतर कशाचा फारसा मागमूस नाही, केवळ जालिका! निवड होते आहे हे त्यावरून उघड झाले, पण निवडणारे प्रथिन सापडायला २०१५ साल उजाडले. त्याविषयी इथल्या जाणकारांनी लिहावे, म्हणजे मलाही वर्गात नीट सांगता येईल.

मुलुंडचेकपोस्ट

सर, लेख आवडला. एक शंका आहे, ती भाबडी वाटली तर समजून घ्यावे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दर एकादशीला एक चित्रफीत फिरते आणि तीत सांगितलेले असते की सोळा तास उपाशी राहिले की ऑटोफॅजी सुरू होते, शरीर आतून स्वच्छ होते आणि यासाठीच जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले. आपण लिहिता ती हीच प्रक्रिया आहे का?

चेंदणीकर

प्रक्रिया त्याच कुळातली आहे, दावा मात्र फार पुढे गेलेला आहे. ओसुमींचा पुरस्कार स्वभक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल होता आणि ते काम यीस्टच्या पेशींवरचे होते. माणसाने किती तास उपास करावा याचा त्यात उल्लेखही नव्हता. पोषणद्रव्ये कमी पडली की स्वभक्षण वाढते हे खरे आहे, कारण अमिनो आम्ले मुबलक असताना एमटॉर नावाचे प्रथिन त्यावर लगाम ठेवते आणि ती आटली की तो लगाम सुटतो. प्रयोगशाळेत तर पेशींना अमिनो आम्लविरहित द्रावणात ठेवूनच ही प्रक्रिया जागी करतात. पण बशीतल्या पेशींचे तास उचलून माणसाच्या घड्याळाला लावता येत नाहीत.

या धाग्यापुरती महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. उपासमारीतले स्वभक्षण पुष्कळदा सरसकट असते, म्हणजे पेशीद्रवातले हाती लागेल ते वेढले जाते. जालिकेचे निवडक भक्षण पोट भरलेल्या पेशीतही चालू असते, आणि पेशीला भूक लागली नसताना हे का चालावे, हाच खरा रंजक भाग आहे.

निळीशाई (खारघर)

मी खारघरला पेशीजीवशास्त्रात संशोधन करते आणि माझा विषय याला लागून आहे, म्हणून २०१५ पासूनची गोष्ट मी सांगते.

त्या वर्षी ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध आले. जपानमधील नाकातोगावा यांच्या गटाने यीस्टमध्ये एटीजी३९ आणि एटीजी४० ही दोन प्रथिने दाखवली. पहिले केंद्रकाभोवतीच्या जालिकेसाठी आणि दुसरे मुख्यतः पेशीच्या कडेच्या जालिकेसाठी. फ्रँकफर्टमधील इवान डिकिच यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या पेशींत फॅम१३४बी हे प्रथिन दाखवले. तिघांमध्ये समान गोष्ट अशी की ती जालिकेच्या पटलातच बसलेली असतात, आणि त्यांचा पेशीद्रवात लोंबणारा भाग एका लहानशा अमिनो आम्लक्रमाने स्वभक्षणाच्या पिशवीच्या पटलावरील प्रथिनाला धरतो. यीस्टमध्ये त्या दुसऱ्या प्रथिनाला एटीजी८ म्हणतात, आपल्या पेशींत त्याचे एलसी३ आणि गाबारॅप असे भाऊबंद आहेत. हा क्रम अगदी छोटा असतो: एक मोठ्या कड्याचे अमिनो आम्ल, मध्ये कोणतीही दोन, आणि मग ल्युसीन, आयसोल्युसीन किंवा व्हॅलीन. प्रयोगात एवढाच क्रम बदलला, तर बाकीचे प्रथिन जसेच्या तसे असूनही जालिकेचा तुकडा पिशवीत जात नाही.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की निवड स्वभक्षणाची पिशवी करत नाही. पिशवीवरचे एलसी३ सगळीकडे सारखेच असते. ते तंतुकणिकेलाही धरते आणि पेशीत शिरलेल्या जिवाणूलाही धरते. कोणता भाग जाणार हे जालिकेच्या पटलातील ग्राही प्रथिने ठरवतात, म्हणजेच जालिका आपल्या मोडीची खूण स्वतःच अंगावर बाळगते.

सीवूड्सचे आजोबा

निळीशाई, फार सुरेख समजावलेस. मी निवृत्त स्थापत्य अभियंता असल्याने माझ्या डोळ्यांपुढे पुनर्विकास उभा राहिला. एका इमारतीची एकच विंग पाडायची आणि उरलेल्या विंगांतले रहिवासी तिथेच नांदत असतात, पाण्याची लाइनही चालू ठेवायची असते. पाडकामाची खूण भिंतीतच असते असे तू म्हणतेस ते पटले, पण मग ती खूण असूनही सगळी इमारत का पडत नाही? फॅम१३४बी जर जालिकेत कायम बसलेलेच असेल, तर पेशी आपली पूर्ण जालिका खाऊन का टाकत नाही?

निळीशाई (खारघर)

आजोबा, तुमच्या उपमेतली एक गोष्ट इथे लागू होत नाही. तिथे पाडणारा आणि पडणारा वेगळे असतात, तर इथे वाकवणे, तोडणे आणि धरणे ही तिन्ही कामे बऱ्याच अंशी एकच प्रथिन करते. तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

फॅम१३४बीच्या मध्यभागी पाण्याला टाळणारे दोन लांब पट्टे आहेत. ते पटलाच्या आरपार जाऊन पलीकडे बाहेर पडत नाहीत. ते पेशीद्रवाकडच्या थरात शिरतात आणि वळून त्याच बाजूने परत येतात. त्यामुळे पटलाच्या दोन थरांपैकी बाहेरच्या थरात जास्त जागा अडते, आतल्यात कमी, आणि पटल वाकू लागते. एकट्यादुकट्या रेणूने पडणारा बाक इतका किरकोळ असतो की त्यातून काहीच घडत नाही. मात्र असे पुष्कळ रेणू एका जागी गोळा झाले की बाक वाढतो, आणि वाकलेल्या जागी आणखी रेणू येऊन स्थिरावतात, कारण त्यांच्या आकाराला तीच जागा सोयीची असते. शेवटी तो भाग फुगवट्यासारखा बाहेर येऊन तुटतो. प्रयोगात फॅम१३४बी मुद्दाम प्रमाणाबाहेर बनवले, तर जालिकेचे खरोखर तुकडे पडलेले दिसतात.

म्हणजे कळ आहे ती रेणू गोळा होण्यात, आणि पेशी लक्ष ठेवते ती तिथेच. २०२० मध्ये असे दाखवले गेले की कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारे कॅमके२बी हे विकर या वाकवणाऱ्या भागावर फॉस्फेट चढवते आणि त्यामुळे रेणूंचे घोळके जमतात. २०२३ मध्ये त्याच भागावर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन चढल्यानेही घोळके घट्ट होतात, असे आढळले. ग्राही प्रथिन कायम हजर असते, पण विखुरलेले असताना ते निरुपद्रवी असते. त्याला एकत्र आणणारा इशारा जिथे आणि जितका मिळेल, तिथे आणि तितकाच तुकडा जातो.

सीवूड्सचे आजोबा

आता नीट उमगले. धन्यवाद, बाळ.

कळव्याची लेक

चेंदणीकर सर, फेनोबार्बिटल म्हणजे गार्डिनलच ना? माझ्या आईला फिट्ससाठी ही गोळी बरीच वर्षे चालू आहे. आपण लिहिलेले वाचून जरा धास्ती वाटली. तिच्या यकृतातली जालिका वाढलेली असेल का, आणि गोळी थांबवली तर पेशी स्वतःला खायला लागतील का?

नौपाडा दवाखाना

ताई, हो, गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटल, ज्याला आपल्याकडे फेनोबार्बिटोन असेही म्हणतात. धास्ती घेण्याचे कारण नाही. यकृतपेशींतील वाढलेली जालिका हा आजार नसून ती पेशींनी कामाच्या बोजानुसार केलेली तजवीज आहे. औषध थांबल्यावर ती पचवली जाते त्यात पेशीचे नुकसान होत नाही. वाढीव भाग तेवढा जातो आणि त्यातील अमिनो आम्ले व मेद पुन्हा वापरात येतात.

व्यवहारात याचा एक परिणाम मात्र आम्हा डॉक्टरांना ध्यानात ठेवावा लागतो. वाढलेल्या जालिकेतील विकरे फक्त गार्डिनलच नव्हे तर इतर कित्येक औषधेही लवकर निकामी करतात. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे वॉरफेरिन हे त्यांपैकी एक. त्यामुळे गार्डिनल सुरू करताना अशा औषधांची मात्रा वाढवावी लागते, आणि ते बंद केल्यावर विकरे पूर्वपदावर येत असताना तीच मात्रा जास्त होऊन रक्तस्रावाचा धोका उद्भवू शकतो. आईंना दुसरी औषधे चालू असतील तर त्यांची यादी त्यांच्या डॉक्टरांना अवश्य दाखवा. आणि गार्डिनल परस्पर कधीही थांबवू नका, अचानक थांबवल्यास जोराच्या फिट्स येऊ शकतात.

कळव्याची लेक

डॉक्टर, मनापासून आभार. यादी आजच लिहून काढते.

वाशीपूल (नवी मुंबई)

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत बरीच वर्षे प्रथिनशुद्धीकरणाचे काम केले आहे. चर्चेत एक गोष्ट अजून आली नाही म्हणून विचारतो. जालिकेत चुकीची घडी पडलेले प्रथिन बाहेर ओढून, त्याला युबिक्विटिन चिकटवून प्रोटिअसोममध्ये (पेशीद्रवातल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रात) तोडण्याची एक स्वतंत्र व्यवस्था आहेच, आणि ज्या युबिक्विटिन यंत्रणेवर ती चालते तिच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. एकेक खराब प्रथिन वेचून काढता येत असताना पेशीने पटलासकट तुकडाच्या तुकडा मोडण्याचा खटाटोप का करावा? तो फारच खर्चिक मार्ग दिसतो.

निळीशाई (खारघर)

वाशीपूल काका, प्रश्न नेमका आहे. प्रोटिअसोमच्या वाटेला एक अट आहे: प्रथिन उलगडून पटलातल्या अरुंद वाटेने पेशीद्रवात ओढता आले पाहिजे. जे ओढता येत नाही त्याचे काय, हा खरा पेच आहे.

प्रोकोलॅजेनचेच, म्हणजे कोलॅजेनच्या कच्च्या रूपाचेच, पाहा. तीन साखळ्या एकमेकींत गुंफून त्याचा सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा ताठ दांडा तयार होतो. पेशी बनवते त्या पहिल्या प्रकारच्या प्रोकोलॅजेनपैकी साधारण पाचवा हिस्सा नीट न जमल्याने मोडीत जातो. अशा गुंत्याला अरुंद वाटेने मागे ओढणे जवळपास अशक्यच असते. २०१९ मध्ये इटलीतील सेत्तेंब्रे यांच्या गटाने दाखवले की जालिकेच्या पटलातील कॅल्नेक्सिन हे प्रथिन आतल्या बाजूने बिघडलेले प्रोकोलॅजेन ओळखते, तेच कॅल्नेक्सिन फॅम१३४बीशी जोडलेले असते, आणि फॅम१३४बी बाहेरच्या बाजूने एलसी३ला धरते. आत काय साचले आहे याची खबर पटलाच्या बाहेर पोहोचते ती अशी. फॅम१३४बीचा स्वतःचा जालिकेच्या पोकळीत डोकावणारा भाग जवळपास नसल्यानेच त्याला या जोडीदाराची गरज पडते.

स्वादुपिंडाचेही उदाहरण आहे. तिथल्या पाचकरस बनवणाऱ्या पेशी प्रथिनांचा अक्षरशः पूर वाहवतात. एडिंबरातील विल्किन्सन यांच्या गटाने २०१८ मध्ये सीसीपीजी१ हा ग्राही दाखवला, जो जालिकेवर ताण आला की अधिक प्रमाणात बनतो. ज्या उंदरांमध्ये तो फारच कमी बनतो, त्यांच्या स्वादुपिंडातील पेशींच्या जालिकेत न विरघळणाऱ्या प्रथिनांचे गोळे साचत जातात.

खर्चाविषयी माझे मत असे की हा मार्ग तितकासा महाग पडत नाही. पटलातले मेद आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले लयकारिकेतून परत पेशीद्रवात येतात. पेशी गमावते ती मुख्यतः रचना, आणि ती मोडणे हाच तर हेतू असतो.

चेंदणीकर

यावर एक जोड देतो. स्वित्झर्लंडमधील बेलिंझोना येथील माउरिझिओ मोलिनारी यांच्या गटाने २०१६ मध्ये सेक६२ या प्रथिनाविषयी जे दाखवले ते मला सगळ्यांत जास्त भावले. सेक६२चे नेहमीचे काम नव्या प्रथिनांना जालिकेत प्रवेश मिळवून देण्याचे आहे. ताणाच्या काळात जालिका वाढलेली असते. ताण ओसरला की हेच सेक६२ ग्राही म्हणून वागते आणि वाढीव जालिका लयकारिकेकडे पाठवून तिला पूर्वीच्या मापावर आणते. जे प्रथिन भरती करून घेते तेच कपातही करते, हे ध्यानात घेतले की जालिकेचे मोडणे हे संकटकाळातले काम नसून तिच्या रोजच्या कारभाराचाच भाग आहे हे पटते. फेनोबार्बिटलच्या उंदरांत सत्तरच्या दशकात दिसले तेही याच जातीचे होते, ताण जाऊन राहिलेल्या वाढीव पसाऱ्याची आवराआवर.

मुलुंडचेकपोस्ट

मग फॅम१३४बी, सेक६२, सीसीपीजी१, यीस्टमधली दोन, इतके ग्राही कशाला? एकाने भागले नसते का?

निळीशाई (खारघर)

सस्तन प्राण्यांतले ग्राहीच आता अर्ध्या डझनाहून अधिक झाले आहेत. जालिका पटल म्हणून एकच असली तरी तिचे भाग एकसारखे नाहीत, हे त्याचे पहिले कारण. फॅम१३४बी प्रामुख्याने चपट्या थरांत आणि त्यांच्या कडांना असतो. नळ्यांसाठी आरटीएन३ या प्रथिनाचे लांब रूप आणि एटीएल३ हे ग्राही आहेत.

टेक्स२६४ची गोष्ट तर भूमितीची आहे. खडबडीत जालिकेवर रायबोझोम (प्रथिने बनवणारे कण) दाटीने बसलेले असतात आणि एकेका रायबोझोमचा व्यास सुमारे २५ ते ३० नॅनोमीटर असतो. पिशवीचे पटल जवळ येऊ पाहते तेव्हा मध्ये हे रायबोझोम अडसर होतात, आणि आखूड ग्राही तिकडे पोहोचूच शकत नाही. टेक्स२६४चा पेशीद्रवातला भाग लांबलचक आणि ठरावीक घडी नसलेला आहे, त्यामुळे तो रायबोझोमच्या पलीकडे जाऊन एलसी३ला धरू शकतो. टोकियोतील मिझुशिमा यांच्या गटाने २०१९ मध्ये हे तपासताना तो भाग आखूड करून पाहिला, तर काम बिघडले. त्या जागी दुसऱ्याच प्रथिनाचा तितकाच लांब, बिनघडीचा भाग जोडला, तर काम पुन्हा सुरू झाले. क्रमापेक्षा लांबी महत्त्वाची, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग विरळाच.

नौपाडा दवाखाना

आता थोडे वैद्यकीय अंगाने. फॅम१३४बीचे नाव पेशीजीवशास्त्राच्या आधी आमच्या क्षेत्रात आले. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे मूळ या जनुकातील उत्परिवर्तनांत असल्याचे दाखवले. या आजारात संवेदना वाहणाऱ्या चेतापेशी खंगत जातात. रुग्णाला वेदना जाणवत नाही, आणि वेदना न जाणवण्यात सुख नसते हे अशा रुग्णाच्या पावलांकडे पाहिले की कळते. न कळलेले चटके, चिघळलेल्या जखमा, हाडापर्यंत गेलेला संसर्ग आणि कित्येकदा बोटे गमावण्याची वेळ, असा त्याचा क्रम असतो. हे प्रथिन नेमके काय करते याचा उलगडा पुढे सहा वर्षांनी झाला. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही जालिका फुगलेली आढळली आणि त्यांच्या संवेदी चेतापेशी वयानुसार झडत गेल्या.

प्रश्न असा पडतो की हे प्रथिन अनेक ऊतींत असताना मार संवेदी चेतापेशींनाच का बसावा. माझे आकलन असे आहे की पाठीच्या कण्याशेजारी असलेल्या या पेशीचा तंतू पायाच्या अंगठ्यापर्यंत जवळजवळ एक मीटर जातो आणि जालिका त्या तंतूभर सलग पसरलेली असते. शिवाय ही पेशी विभाजित होत नाही, त्यामुळे साचलेला बिघाड दोन पेशींत वाटून सौम्य करण्याची संधीच तिला मिळत नाही. एटीएल३मधील काही उत्परिवर्तनांमुळेही याच गटातला आजार होतो, आणि ती उत्परिवर्तने गाबारॅपला धरण्याची क्षमताच बिघडवतात असे दिसून आले आहे. दोन वेगळे ग्राही, पण घाव एकाच प्रकारच्या पेशीवर, हा योगायोग वाटत नाही.

वाशीपूल (नवी मुंबई)

विषाणूंचा काही संबंध आहे का? जालिकेच्या पटलावर संसार थाटणारे विषाणू पुष्कळ आहेत. पावसाळा आला की आमच्याकडे डेंग्यूचे रुग्ण वाढतात म्हणून सहज मनात आले.

निळीशाई (खारघर)

थेट संबंध आहे, काका. डेंग्यू आणि झिका हे विषाणू जालिकेच्या पटलाला आत खोबण्या पाडून त्यांत आपल्या आरएनएच्या प्रती काढतात. साहजिकच यजमान पेशीने तेच पटल मोडीत काढणे त्यांना परवडणारे नसते. २०१७ मध्ये असे दाखवण्यात आले की या विषाणूंचे प्रथिने कापणारे विकर फॅम१३४बीलाच कापते, आणि कापते तेही त्याच्या पटल वाकवणाऱ्या भागात. फॅम१३४बी आधीच काढून टाकलेल्या पेशींत विषाणूंची वाढ जास्त झाली, म्हणजे एरवी हे प्रथिन त्यांना आवर घालत असावे. हे काम प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहे. रुग्णाच्या उपचारात त्याचा आज काही उपयोग होतो असे कृपया कोणी पुढे पाठवू नये, नाहीतर एकादशीच्या चित्रफितीला डेंग्यूची जोड मिळेल.

मुलुंडचेकपोस्ट

गटावर पाठवणार नाही, याची हमी देतो. शेवटचा प्रश्न. हे सगळे तुम्हाला दिसते कसे? पेशीत चाललेले इतके बारीक काम मोजता तरी कसे येते?

निळीशाई (खारघर)

एका युक्तीने. एक लाल आणि एक हिरवे अशी दोन चमकणारी प्रथिने एकमेकांना जोडून ती जालिकेच्या पोकळीत राहतील असे जनुक पेशीत घालतात. जालिकेच्या पोकळीतील सामू (पीएच) उदासीनच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे दोन्ही रंग चमकतात आणि एकत्र पिवळे जाळे दिसते. तुकडा लयकारिकेत गेला की सामू ४.५ ते ५ च्या घरात येतो. त्या आम्लात हिरवे प्रथिन विझते आणि लाल टिकते. मग पिवळ्या जाळ्यावर निव्वळ लाल ठिपके उमटतात, आणि एकेक लाल ठिपका म्हणजे जालिकेचा एकेक पचायला गेलेला अंश.

पण केवळ ठिपके मोजून निष्कर्ष काढला तर परीक्षक निबंध परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. लाल ठिपका खरोखर लयकारिकेतला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याच पेशींच्या दुसऱ्या बशीत बॅफिलोमायसिन हे द्रव्य घालतात, जे लयकारिकेत आम्ल भरणारा पंप बंद पाडते. तसे केल्यावर हिरवा रंग विझत नाही आणि ठिपके पिवळेच राहतात. तिसऱ्या बशीतल्या पेशींत ग्राही प्रथिनाचा एलसी३ला धरणारा क्रम बदललेला असतो, आणि तपासला जात असलेला ग्राही खरोखर महत्त्वाचा असेल तर तिथे ठिपकेच फार थोडे दिसतात. या तिन्ही बशा एकाच दिवशी, एकाच सूक्ष्मदर्शकावर, प्रकाशाची तीव्रता न बदलता पाहाव्या लागतात, नाहीतर लाल रंग जास्त दिसला तो पेशीमुळे की लेझरमुळे हे सांगता येत नाही.